ऊन बदनाम, फडकं मोकाट

होळी पेटली की विदर्भात दोन गोष्टी बाहेर येतात. माळ्यावरचा कूलर आणि मोबाइलवरची ‘समर ऑफर’. कूलरमधून निदान गार वारा तरी येतो. ऑफरमधून येते ती नुसती भीती. तुमच्या गाडीचा रंग उडणार, बॉनेट पांढुरकं पडणार, छताचे पापुद्रे निघणार. तेव्हा आजच नाव नोंदवा, २५ हजारांचं कोटिंग १९,९९९ मध्ये. नागपूरकराला उन्हाची भीती घालायची म्हणजे कमालच. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश बघितलेलं हे शहर. इथला माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा टाकतो आणि कामाला लागतो. पण तोच माणूस गाडीचा विषय निघाला की लहान मुलासारखा घाबरतो आणि खिशात हात घालतो.

मी स्पष्टच सांगतो. ऊन गाडीचा रंग खातं हे अर्धंच सत्य आहे. उरलेलं अर्धं असं की उन्हाला आत शिरायला वाट आपणच करून देतो. रोज सकाळी फुकटात, आणि वर्षातून एकदा पैसे मोजून. रंग वाचवणारे जे उपाय खरोखर लागू पडतात, ते इतके स्वस्त आहेत की त्यांचं दुकान कुणालाच काढता येत नाही. दुकान निघत नाही म्हणून जाहिरात होत नाही, आणि जाहिरात होत नाही म्हणून तुमचा त्यावर विश्वास बसत नाही. सगळा घोळ एवढाच आहे.

आधी आपण वाचवतोय काय, ते तरी बघा. कारखान्यात पत्र्यावर पहिल्यांदा विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. त्याला शोरूमवाले क्लिअर कोट म्हणतात, डेंटिंग-पेंटिंगवाले लॅकर. सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात लॅकरचा वाटा ३५ ते ५०. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या गाडीची अख्खी झळाळी अर्ध्या कागदाच्या जाडीत मावते. ही झळाळी लॅकरची, आणि अतिनील किरण अडवण्याचं कामही लॅकरचंच. ते किरण शोषणारी रसायनं त्यात कारखान्यातच मिसळलेली असतात. शिवाय किरणांनी रेणू तुटायला लागले की पुढची पडझड रोखणारी रसायनंही असतात. रंग बनवणाऱ्या कंपन्या आपले नमुने फ्लोरिडाच्या दमट उन्हात आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात वर्षानुवर्षं तापत ठेवतात आणि मगच बाजारात आणतात. तेव्हा दुकानदार ज्याला ‘यूव्ही प्रोटेक्शन’ म्हणतो, ते तुम्ही गाडीच्या किमतीत एकदा घेतलेलंच आहे. तो तुम्हाला तुमचीच वस्तू पुन्हा विकतो, आणि तुम्ही पावती जपून ठेवता.

उन्हाचा मार खोटा आहे, असं मी म्हणत नाही. हवामान खातं ४५ अंश सांगतं ते सावलीतलं तापमान असतं. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून उंचावर मोजलेलं. तुमची गाडी त्या पेटीत उभी नसते. काळ्या गाडीचं बॉनेट भर दुपारी ७० अंशांच्या पुढे जातं; पांढरी गाडी त्या मानाने बरीच थंड राहते. तापलेलं लॅकर मऊ पडतं, त्याची रासायनिक झीज वेगाने होते, रात्री ते आकसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगतं. छत, बॉनेट आणि डिकी हे आडवे पत्रे आधी जातात, दारं उशिरा. लाल रंग लवकर फिकटतो. हे सगळं खरं आहे. पण खऱ्या धोक्यावर खोटं औषध विकलं जातं तेव्हा धोका जास्त वाढतो, कारण औषध घेतल्यावर माणूस निर्धास्त होतो. आणि भीती विकणाऱ्याला खऱ्या आकड्यांची गरजच नसते. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. फोनाफोनी फिरला तो आकडा. खुलासा कुणी पुढे पाठवला नाही.

आता औषधाकडे वळू. मागच्या उन्हाळ्यात एका कोटिंगच्या दुकानात मुद्दाम जाऊन बसलो. काळ्या भिंती, छतावर षट्कोनी दिव्यांची जाळी, काचेच्या खोलीत उभी एक एसयूव्ही. पोरगा नम्र होता. त्याने नमुन्याच्या बॉनेटवर बाटलीतलं पाणी सोडलं. थेंब गोल होऊन घरंगळत गेले. मग मार्करने रेघ मारली आणि पुसून दाखवली. मग खिशातून चावी काढून घासली. चावीची चपटी बाजू. टोकाची बाजू तेवढी मुठीत राहिली.

“नाइन एच आहे सर,” तो म्हणाला.

“नाइन एच म्हणजे काय रे?”

“म्हणजे सर, टेन म्हणजे डायमंड. त्याच्या एकच खाली.”

पोराचा दोष नाही. त्याला जे घोकायला दिलं ते त्याने घोकलं. ज्यांनी घोकायला दिलं त्यांना मात्र पक्कं ठाऊक आहे की हिरा ज्या मापावर १० असतो ते खनिजांचं मोह माप, आणि ‘नाइन एच’ हे पेन्सिलीचं माप. रंगाच्या थरावर वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनातून दाबून ओढतात; सगळ्यात मऊ नऊ बी, सगळ्यात कडक नऊ एच. कंपासपेटीतली एचबी त्याच रांगेत मधे उभी असते. कडक पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही, की झालं ‘नाइन एच’. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती. तुमच्या गाडीवर रोज बसणाऱ्या धुळीत वाळू असते, म्हणजे क्वार्ट्झ, आणि ते मोह मापावर ७ आहे. पेन्सिलीला जिंकलेलं कोटिंग वाळूपुढे टिकेल, असं कुठल्याच चाचणीने म्हटलेलं नाही. नागपुरात पेन्सिली घेऊन गाड्यांवर हल्ले होत असतील तर हे कोटिंग जरूर करून घ्या.

सिरॅमिक कोटिंगचा काहीच उपयोग नाही, असं म्हणणंही खोटं ठरेल. गाडी धुवायला सोपी जाते, घाण लवकर सुटते, पक्ष्याची विष्ठा लॅकरपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. पण हा थर असतो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. तो ना दगड अडवतो, ना फडक्याचा ओरखडा, ना ४५ अंशांचं ऊन. उलट त्यावर पाणी थेंबाथेंबाने उभं राहतं. आपल्या क्षारांच्या पाण्याचे ते थेंब उन्हात वाळले की प्रत्येकाचं एकेक पांढरं कडं उरतं. मी वॉरंटी कार्ड मागून घेतलं. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत पाच वर्षं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा डिंक, क्षारांचे डाग आणि ओरखडे वगळलेले, आणि दर सहा महिन्यांनी पैसे भरून ‘मेंटेनन्स’ची अट. म्हणजे ज्या ज्या गोष्टीने रंग खराब होतो ती प्रत्येक वगळून उरलेल्या सगळ्याची हमी.

टेफ्लॉन तर याचा थोरला भाऊ. नवी गाडी घेताना विम्याच्या कागदांमध्ये गपचूप घुसवतात ते. तव्यावर टेफ्लॉन चिकटतं कारण ते भट्टीत भाजलेलं असतं; त्याचा वितळण्याचा बिंदू ३२७ अंश सेल्सिअस आहे. गाडीचा पत्रा तेवढा तापवला तर रंगाची राख होईल. मग शोरूमच्या मागच्या शेडमध्ये, स्पंजने चोळून, अर्ध्या तासात जे ‘टेफ्लॉन’ बसतं ते नेमकं कशाला धरून बसतं? विचारा एकदा. उत्तर म्हणून ॲक्सेसरीजवर सूट मिळेल.

इथपर्यंत फक्त पैसे गेले. पैसे जाऊ द्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांचे जाणारच. खरा गुन्हा पुढे आहे, आणि त्याचं नाव रबिंग.

सर्व्हिसिंगला गाडी टाकली की सल्लागार बॉनेटवरून बोट फिरवतो आणि चेहरा पाडतो. “सर, शाइन गेलीये. रबिंग-पॉलिश टाकून देऊ का?” आपण म्हणतो, टाका. कुठे फुकट मिळतं, कुठे ‘पॅकेज’मध्ये असतं. आत बफिंग मशीन फिरतं, खरखरीत कंपाउंड लावलं जातं, आणि संध्याकाळी गाडी आरशासारखी होऊन येते. कशी झाली आरशासारखी? वरचं लॅकर खरवडून सपाट केल्यामुळे. ओरखडे भरले नाहीत; ओरखड्यांच्या तळापर्यंत सगळा थरच खाली उतरवला. दर वेळी काही मायक्रॉन जातात. पुंजीच मुळात ३५-५० ची. त्यातून दरसाल खर्च, आणि जमा शून्य. तो थर विरळ झाला की अतिनील किरण खालच्या रंगापर्यंत पोचतात, दोन थरांची पकड सुटते, आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात छतावर पांढरे चट्टे उठतात. मग आपण आभाळाकडे बघून म्हणतो, काय ऊन आहे! छत्री मळली म्हणून तिचं कापड दगडावर घासून विरळ करायचं आणि डोकं भिजलं की पावसाला शिव्या द्यायच्या, त्यातला हा प्रकार. चट्टे उठले की दुकानदार पुन्हा हजर. आता अख्खं पॅनल रंगवा. कारखान्यात लॅकर १४० अंशांच्या आसपास भाजलेलं असतं; गॅरेजच्या बूथमध्ये ते ६० च्या आसपास भाजतात, आणि गल्लीतल्या पेंटरकडे रस्त्याच्या कडेला वाऱ्यावर वाळवतात. ते कारखान्याच्या लॅकरइतकं टिकावं अशी आशा धरायची असेल तर धरा.

रबिंगची पाळी येते कशामुळे? ओरखड्यांमुळे. आणि ओरखडे येतात कुठून? चला माझ्यासोबत सकाळी साडेसहाला कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये. एक पोरगा खांद्यावर फडकं टाकून गाड्या पुसत फिरतो. ते फडकं कधीकाळी कुणाचं बनियन होतं. त्याचा रंग आता सांगता येत नाही. हातात घेतलं तर ते कडक लागतं, आणि झटकलं की बारीक रेती सांडते. या फडक्याने तो सात गाड्यांची कोरडी धूळ गोल गोल हात फिरवून पुसतो. सूर्य वर आल्यावर त्या गाडीकडे तिरपं बघा. लॅकरवर कोळ्याच्या जाळ्यागत गोल रेघा चमकतात. त्या उन्हाने पाडलेल्या नाहीत.

मी त्याला विचारलं, ओलं फडकं का नाही घेत?

“काका, पाणीच नाही देत ना. सेक्रेटरी म्हणे, बोअर आटून राहिली, अर्ध्या बादलीत सगळ्या गाड्या कर.”

मालकांना रोज सकाळी गाडी चमकताना हवी. पाणी द्यायचं नाही, फडकं द्यायचं नाही, महिन्याला गाडीमागे काहीशे रुपये टिकवायचे, आणि रेघा दिसल्या की पोराला शिव्या. २० हजारांचं कोटिंग करणाऱ्या माणसाला दोनशे रुपयांचं मायक्रोफायबरचं फडकं महाग वाटतं. या एका वाक्यात आपल्या मध्यमवर्गाचं अर्थशास्त्र सगळं आलं.

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या बाजूला तर धुळीसोबत औष्णिक केंद्रांची राखही बसते. बोटाला ती मऊसूत लागते, म्हणून लोक ती पीठ झटकावं तशी झटकतात. पण ती असते सिलिका आणि ॲल्युमिनाची, आणि लॅकरपेक्षा टणक. अशी राख कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पदरचे पैसे खर्चून पॉलिशपेपर मारणं. धूळ नुसती बसल्याने रंगाचं काहीही बिघडत नाही. ती पुसल्याने बिघडतं. तेव्हा पाणी नसेल त्या आठवड्यात गाडी मळकी राहू द्या. मळकी गाडी सुरक्षित असते. बिघडते ती फक्त आपली ऐट, कारण शेजाऱ्याची गाडी चमकत असते, आणि आपल्याकडे गाडी रस्त्यासाठी कमी व शेजाऱ्यासाठी जास्त घेतली जाते.

पाणी आहे तिथेही अक्कल असतेच असं नाही. रविवारी सकाळी उठायचं दहाला, चहा-पोहे उरकून अकरा वाजता उन्हात तापलेल्या बॉनेटवर पाइप सोडायचा. पाणी जागच्या जागी वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. आपल्या बोअरच्या पाण्यात काय असतं ते बघायला प्रयोगशाळा नको. कूलरची टाकी आणि पॅड बघा. मे संपेपर्यंत त्यावर चुन्याची पांढरी खपली चढते. तीच खपली बारीक ठिपक्यांनी तुमच्या लॅकरवर बसते, उन्हात भाजते आणि मग साध्या पाण्याने निघत नाही. निघत नाही म्हणून घासायचं, घासलं म्हणून रेघा, रेघा म्हणून रबिंग. यात एक नवा पंथ निघाला आहे, आरओच्या टाकाऊ पाण्याने गाडी धुणाऱ्या पर्यावरणप्रेमींचा. पाणी वाचवता याबद्दल नमस्कार. पण आरओने पाण्यातले जे क्षार तुमच्या पोटात जाऊ दिले नाहीत, तेच त्या टाकाऊ पाण्यात दाट होऊन उतरलेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला उत्तम. गाडीवर ओतायचं असेल तर शेवटचा हात तरी साध्या पाण्याचा मारा आणि लगेच कोरडी करा.

कव्हरवाल्यांचंही ऐकून घ्या. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर चढवायचं, वाऱ्याने ते दिवसभर फडफडत घासत राहणार, संध्याकाळी ते फराफरा ओढून काढायचं. धूळ खाली, कापड वर, मधे तुमचं लॅकर. स्वस्तातलं प्लास्टिकचं कव्हर असेल तर आतली हवाही कोंडून तापते. कव्हर घालायचंच तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवर घाला, आतून मऊ अस्तर असलेलं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हाच. रोज कामावर जाणाऱ्या गाडीला रोज कव्हर घालणारा माणूस तिची काळजी घेत नसतो, तिला घासत असतो.

आता झाडाकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

गाडीला उन्हापासून वाचवण्याचा सगळ्यात जुना, सगळ्यात फुकट आणि सगळ्यात खात्रीचा उपाय सावली. यात शोध लावण्यासारखं काही नाही. सावलीत अतिनील किरणांचा मारा कमी, पत्रा थंड, लॅकर कडक. पण झाडाखाली गाडी लावायची म्हटली की लोक लगेच गळा काढतात. पक्षी घाण करतात. डिंक गळतो. आंब्याच्या मोहरावरचे तुडतुडे चिकट थेंब टाकतात. पाच रुपयांच्या पाण्याने जाणारी घाण नको, म्हणून हे लोक पन्नास हजारांनी न भरणारं ऊन पत्करतात.

पक्ष्याच्या विष्ठेचं गणितही समजून घ्या. ती आम्लधर्मी असते हे खरं. पण डाग कायमचा उमटतो तो मुख्यतः उष्णतेमुळे. तापून मऊ झालेलं लॅकर वाळत चाललेल्या विष्ठेभोवती फुगतं आणि गार होताना तिचाच ठसा घेऊन घट्ट होतं. म्हणजे पक्षी जितका अपराधी, तितकंच ऊन. आणि सावलीतल्या गार पत्र्यावर तोच डाग सावकाश चढतो. उपाय काय? डिकीत पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ फडकं ठेवा. फडकं ओलं करून डागावर पाच-दहा मिनिटं पसरा, घाण सुटली की उचलून घ्या. घासायचं नाही, नखाने खरवडायचं नाही, रविवारपर्यंत थांबायचं नाही. एवढंच. पण हे करायला वाकावं लागतं. वाकण्यापेक्षा झाड पाडणं सोपं.

एका सोसायटीतल्या सूचनाफलकावरचा अर्ज मी उभ्याउभ्या वाचला. ‘आवारातील कडुनिंबाचे झाड धोकादायक झाले असून…’ झाड सरळ, खोड निरोगी, पानं हिरवीगार. धोका कुणाला? झाडाखाली लावलेल्या नव्या गाडीला. मी तिथल्या सेक्रेटरीला विचारलं तर तो म्हणाला, “अहो भाऊ, पक्षी किती घाण करून राहिले! आत्ताच कोटिंग केलं ना मी.” बघा म्हणजे. उन्हापासून रंग वाचवायला कोटिंग, आणि कोटिंग वाचवायला सावलीच तोडायची. शहरातलं झाड तोडायला महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून अर्जात ‘गाडी खराब होते’ असं कुणी लिहीत नाही, ‘धोकादायक’ लिहितात. परवानगी नाही मिळाली तर दुसरी युक्ती आहेच. बुंध्याला अगदी लागून पेव्हर ब्लॉक बसवायचे, सिमेंट भरायचं आणि थांबायचं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकायला सांगितलं होतं. नागपुरातल्या सिमेंट रस्त्यांच्या कडेने चालत जा आणि किती बुंध्यांना हात पसरण्याएवढी तरी माती उरली आहे ते बघा. झाड वाळतं, वाऱ्यात पडतं, आणि पडतं ते नेमकं कुणाच्या तरी गाडीवर. मग पुढच्या वर्षी ‘धोकादायक’ खरंच ठरतं.

झाड नसेल तर निदान शेतकऱ्याकडून शिका. तो रोपवाटिकेवर हिरवी शेडनेट ताणतो. ७५ टक्के सावलीची जाळी घेतली की पाऊण ऊन वरच्या वर अडतं. चार लोखंडी पाइप, वर जाळी, सगळ्यांनी वर्गणी काढली तर एका गाडीच्या वाट्याला एका कोटिंगच्या निम्मेही पैसे येत नाहीत. हा प्रस्ताव मी वार्षिक सभेत मांडलेला आहे. उत्तर मिळालं, इमारतीचं ‘एलिव्हेशन’ बिघडतं. शेवटी चौकीदाराच्या पत्र्याच्या केबिनवरही जाळी नको म्हणाले. गाडीचा रंग वितळतो म्हणून ज्यांची झोप उडते, त्यांना पत्र्याच्या खोक्यात दुपारभर बसलेला माणूस वितळताना दिसत नाही.

आणि हो, प्रत्येक वेळी मालकच गुन्हेगार असतो असंही नाही. कधी रंगच मुळात कच्चा निघतो. अमेरिकेत टोयोटाने २०१९ मध्ये काही पांढऱ्या गाड्यांसाठी रंगाची हमी वाढवून दिली. उन्हामुळे कालांतराने खालच्या थरांची एकमेकांवरची पकड सुटू शकते हे कंपनीने मान्य केलं आणि ठरावीक काळापर्यंत रंगकाम स्वतःच्या खर्चाने करून द्यायचं कबूल केलं. तिथल्या ग्राहकांनी ओरड केली म्हणून ते झालं. आपण ओरड करत नाही. आपल्या गाडीचा रंग तिसऱ्या वर्षी पापुद्र्यांनी सुटला तर सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘सर, इकडचं ऊनच तसं आहे,’ आणि आपण मान डोलावून बाहेरच्या पेंटरचा नंबर मागतो. इकडचं ऊन काय कंपनीला गाडी विकताना ठाऊक नव्हतं? जाहिरातीत गाडी वाळवंटात पळवताना तेच ऊन फार देखणं असतं. घासून, रबिंग करून ज्याने लॅकर संपवलं त्याला हा प्रश्न विचारायचा हक्क उरत नाही. ज्याने नीट राखलं त्याने तो लेखी विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावं.

“पैसा आमचा, गाडी आमची, तुम्हाला काय?” हा आक्षेप मला ठाऊक आहे. पैसा तुमचा, मान्य. झाड तुमच्या एकट्याचं नाही, पाणी तुमच्या एकट्याचं नाही, आणि त्या पोराची पाठ तर नाहीच नाही. शिवाय ज्याला स्वतःच्या पैशाचं वाटोळं करायचं आहे त्याने ते डोळे उघडे ठेवून करावं, ‘टेन म्हणजे डायमंड’ ऐकून नव्हे.

तेव्हा यंदा एवढं करा. गाडी सावलीत लावा आणि सावली नसेल तर ती मागा, भांडून मागा. आठवड्यातून एकदा, सूर्य वर यायच्या आत किंवा पत्रा हाताला गार लागल्यावर, दोन बादल्यांत धुवा. एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. छतापासून खाली या, चाकांना वेगळं फडकं घ्या, कपड्यांची पावडर वापरू नका, आणि पाणी वाळायच्या आत कोरडी करा. मधल्या दिवसांत हात लावू नका. दोन-तीन महिन्यांनी काहीशे रुपयांचं वॅक्स स्वतःच्या हाताने लावा. झिजायचं ते झिजेल, खालचं लॅकर वाचेल. गाडी पुसणाऱ्या पोराला पाणी द्या, फडकी द्या आणि पगार वाढवून द्या. तो तुमच्या कुठल्याही कोटिंगपेक्षा जास्त रंग वाचवू शकतो. आणि कुणीही बफिंग मशीन घेऊन गाडीजवळ आला तर त्याला आधी एक यंत्र आणायला सांगा. रंगाची जाडी मोजणारं, तळहातात मावणारं यंत्र बाजारात मिळतं. रबिंगच्या आधी छतावर, बॉनेटवर, डिकीवर किती मायक्रॉन आहेत ते मोजून बिलावर लिही, नंतर किती उरले तेही लिही, आणि खाली सही कर. सही करत नसेल तर मशीनची पिन काढून त्याच्या हातात द्या आणि गाडी घेऊन घरी या.